जुन्या वाड्याचा साग म्हणून आम्हाला ओले लाकूड विकले गेले

नाशिकला मखमलाबाद रस्त्यावर घर बांधायला काढले तेव्हाच आम्ही ठरवले होते, की चौकटींसाठी नवे झाड तोडायला लावायचे नाही. लागवडीचा साग पुष्कळ दिसत असला तरी जंगलातला मूळचा साग फक्त भारत, म्यानमार, लाओस आणि थायलंडमध्ये आहे, आणि निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत २०२२ पासून तो संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. जुन्या नाशकातले वाडे उतरवले जात असताना त्यांच्या तुळया वापरणे हाच मार्ग आम्हाला योग्य वाटला.

एका वखारवाल्याने पंचवटीतल्या वाड्याचे शंभर वर्षांचे लाकूड म्हणून काळपट तुळया दाखवल्या. त्यांत गंजके खिळे होते, वाडा पाडतानाचे फोटो मोबाइलवर होते, आणि पर्यावरणपूरक लाकडाचे रंगीत प्रमाणपत्रही त्याने हातात ठेवले. पक्के बिल मागितल्यावर तो म्हणाला, “जुन्या मालाला कुठलं बिल, भाऊ?” तिथेच परत फिरायला हवे होते. मी मात्र अर्धी रक्कम रोख मोजली.

खोट पकडली ती आमच्या सुतारमामांनी. रंधा मारताच आतून ओलसर लाकूड निघाले आणि कडेला सालीलगतच्या कच्च्या लाकडाची दोन बोटे रुंद पांढरी पट्टी दिसली. त्यांनी पक्कडीने एक खिळा उपटून माझ्या तळहातावर ठेवला. गंज फक्त डोक्यावर होता; खालचा दांडा गोल, चकचकीत, कारखान्यातला. “आता भोकात बघा,” मामा म्हणाले. भोक स्वच्छ होते. जुन्या सागात वर्षानुवर्षे रुतलेल्या लोखंडाभोवती लाकूड काळे पडलेले असते, आणि जुन्या वाड्यांतले खिळे बहुधा लोहाराने घडवलेले, चौकोनी असतात. तुळईचा काळेपणा तर ओल्या फडक्यालाच लागला.

प्रमाणपत्राचा क्रमांक ते देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला, तर तो परराज्यातल्या एका प्लायवूड कंपनीचा निघाला. असे प्रमाणपत्र विक्रेत्याच्या नावाने असते आणि दिलेला माल प्रमाणित आहे हा उल्लेख बिलावर असावा लागतो, हे मला तेव्हा समजले. ताज्या सागाच्या वाहतुकीला वनखात्याचा परवाना आणि लाकडावर त्या खात्याच्या हातोड्याने ठोकलेला शिक्का लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हते. सुरगाणा, पेठ भागात सागाची चोरटी तोड होते हे नाशिककरांना ठाऊक आहे, म्हणून पैशांपेक्षा त्या झाडांचीच टोचणी अधिक लागली.

वाड्याचे लाकूड घेणाऱ्यांनी शक्यतो वाडा उतरताना स्वतः उभे राहावे, वाड्याच्या मालकाकडून विक्रीचा लेखी कागद घ्यावा, आणि इसार देण्याआधी सुताराला सोबत नेऊन एक तरी खिळा उपटून पाहावा. आम्ही पोलिसांत आणि वनखात्याकडे लेखी तक्रार दिली आहे. तुळया अंगणात ताडपत्रीखाली आहेत. वाळता वाळता त्यांच्या टोकांना पडलेल्या चिरांत आता रुपयाचे नाणे उभे बसते.