बाराशे रुपयांचं 'लाइफटाइम' ऑफिस

आमच्या सोसायटीचा खजिनदार मी. सोळा फ्लॅट, त्यातले चार हमखास मेंटेनन्स थकवणारे. पतसंस्थेत तीस वर्षं खतावण्या लिहिल्या म्हणून हिशेब माझ्याच गळ्यात. गेल्या वर्षी घरी नवा कॉम्प्युटर घेतला. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधलं एक्सेल उघडलं तर ते आधी पैसे भरा म्हणायला लागलं.

राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. पोरगा गोड बोलणारा. "काका, ओरिजिनल घ्यायला गेलासा तर दर वर्षी हजारांनी जातील. बाराशे द्या, लाइफटाइम टाकून देतो." बिल मागितलं तर म्हणाला, "बिल केलं की अठरा टक्के जीएसटी चढतोय, कशाला उगाच?" मी गप्प बसलो. जन्मभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली आणि २१६ रुपये वाचवायला स्वतःचं बिल सोडून आलो.

त्यानं व्हिजिटिंग कार्डामागं ईमेल आयडी आणि पासवर्ड लिहून दिला. आयडीत माझं नाव कुठंच नाही. काही अक्षरं, चार आकडे, पुढं कसलंसं परकं नाव आणि शेवटी ऑनमायक्रोसॉफ्ट डॉट कॉम. "पासवर्ड तेवढा बदलू नका," हे मात्र दोनदा बजावलं. एक्सेलच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एका गोल टिकलीत दोन इंग्रजी अक्षरं दिसायची, तीही माझी नव्हेत. मला वाटायचं, असेल सगळ्यांचं असंच.

दहा महिने झकास चाललं. ऑगस्टमध्ये, ऑडिटची कागदं तयार करायच्या ऐन वेळी, एका सकाळी लाल पट्टी आली. लॉगिन करायला गेलो तर असं खातंच नाही. जुन्या दोन फाइल नुसत्या उघडत होत्या, त्यात एक आकडा बदलता येईना. आणि चालू वर्षाचं खातेपुस्तक तर जागेवरच नाही.

पुण्याहून आलेल्या भाच्यानं कार्ड हातात घेतलं आणि कपाळावर हात मारला. सॉफ्टवेअर नकली नव्हतं, मायक्रोसॉफ्टचंच होतं, म्हणूनच मला शंका आली नाही. कंपन्या आणि कॉलेजं आपल्या माणसांसाठी घाऊक खाती घेतात. तसल्याच एका खात्यात मला कुणीतरी घुसवलं होतं. किल्ली तिथल्या ॲडमिनकडं, म्हणजे ती खाती सांभाळणाऱ्याकडं. फाइल सेव्ह केली की ती आपसूक वनड्राइव्हवर, म्हणजे त्या खात्याच्या इंटरनेटवरच्या साठवणीत जायची, म्हणजे माझा हिशेब परक्याच्या गोदामात. त्यानं कुलूप लावलं, विषय संपला. सोळा फ्लॅटचे फोन नंबर इतके दिवस कोण वाचत होतं, देव जाणे.

दुकानात गेलो. "वरनंच बंद झालंय काका. पाचशे द्या, नवा आयडी देतो." बिल नाही, तक्रार कशाच्या जोरावर करणार? शेजारच्यांनी दुसरा उपाय सुचवला, क्रॅक, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणारा प्रोग्राम. तो टाकायला आधी अँटिव्हायरस बंद करायचा म्हणे. म्हणजे चोर यायचाय, कुत्रं बांधून ठेवा.

भाच्यानं अर्ध्या तासात लिबरऑफिस बसवलं. २०१० साली ओपनऑफिसमधून फुटून निघालेलं हे सॉफ्टवेअर, घरी काय आणि धंद्याला काय, फुकटच. ते लिबरऑफिस डॉट ऑर्गवरूनच घ्यायचं, सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातींवरून नाही. तिथं देणगी मागतात, ती ऐच्छिक आहे. एक्सेलच्या जागी कॅल्क, वर्डच्या जागी रायटर. मराठी युनिकोड नीट चालतं. मेन्यू वेगळे, पहिला आठवडा मी चिडचिड केली. वर्डची फाइल उघडल्यावर तक्ते थोडे सरकतात, आणि ऑडिटरला पाठवायची फाइल आठवणीनं एक्सेलच्या प्रकारात सेव्ह करावी लागते. एखादं पत्र मायक्रोसॉफ्टमध्येच हवं असेल, तर स्वतःच्या ईमेलनं खातं काढलं की ब्राउझरमधलं वर्ड-एक्सेल फुकट मिळतं. हे दुकानदारानं कशाला सांगावं!

पावती पुस्तकं होती म्हणून वाचलो. अकरा रात्री बसून, बायकोनं आकडे वाचले आणि मी भरले.

सप्टेंबरअखेरच्या सभेत खर्चाच्या पानावर 'संगणक सॉफ्टवेअर – १,२०० रुपये' अशी ओळ होती. तळमजल्यावरच्या थकबाकीदारानंच हात वर केला, "खजिनदार, याचं व्हाउचर दाखवा की." ते बाराशे मी खिशातून भरले.