मशिनी गाडीत चढल्या आणि भाडं तिप्पट झालं

ठरलेलं भाडं १८,५००. मोजले ६०,५००. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो आणि मग हसतो. हसा.

म्हापशाजवळची भाड्याची शेड सोडून माझ्या सुतारकामाच्या मशिनी, म्हणजे बँडसॉ, रंधा मशीन, थिकनेसर असं सगळं वाळपईच्या नव्या घरी न्यायचं होतं. सगळं बिडाचं, वजन टनाच्या वर. ओळखीच्या हायड्रावाल्याने (हायड्रा म्हणजे चाकांवरची क्रेन) ट्रकसकट ३४,००० सांगितले. नेटवरच्या पॅकर्सवाल्याने हायड्रा, हमाल, इन्शुरन्स धरून १८,५००. शेडीचा मालक किल्ल्यांसाठी मागे लागलेला, चतुर्थीच्या देव्हाऱ्यांच्या ऑर्डरी डोक्यावर. अशा वेळी ३४,००० कोण देतो? ६,००० ॲडव्हान्स टाकला. खात्यावर नाव कंपनीचं नव्हतं, कुणा बाईचं होतं. "मॅडम अकाउंट बघतात." बरं.

गाडी आली तीही दुसऱ्याच नंबरची. ते एक वेळ चालतं, गाड्या बंद पडतात. पण हायड्रासोबतच्या पोराने साखळी थेट रंध्याच्या टेबलाला घातली. अशी मशीन एकदा जरी उचललेला माणूस पट्टा बॉडीच्या खालून घेतो, टेबलाला हातही लावत नाही. मी ओरडलो, पट्टा काढ म्हटलं, तर यांच्याकडे पट्टाच नाही! रोज मशिनी हलवणारे म्हणे. हायड्रा तिथूनच परत जायला हवा होता, हे आता रोज रात्री आठवतं. पण तेवढ्यात पावसाची सर आली आणि बिल्टी, म्हणजे मालाची पावती, माझ्या हातात कोंबली गेली. तिच्यावर गाडीचा नंबर नाही आणि वजनापुढे लिहिलेलं, "प्रत्यक्ष असेल तसे". सगळी गोम त्या तीन शब्दांत. वजन आकड्यात लिहून घेतल्याशिवाय मशीन जमिनीवरून उचलू देऊ नका.

गाडी वाटेत अस्नोड्याला पोचल्यावर पॅकर्सवाल्याचा फोन. उरलेले १२,५००, शिवाय २७,४०० ओव्हरवेटचे आणि १४,६०० इन्शुरन्सचे, "माल उतरला की रिफंड". आत्ता टाका, नाहीतर गाडी इथेच उभी. वर ताडपत्री नाही, पाऊस धो धो. बिडाच्या घासलेल्या टेबलावर रात्रभर पाणी पडलं तर काय होतं, ते सुताराला विचारा. टाकले. (माल उतरला म्हणून इन्शुरन्सचा हप्ता परत मिळत नसतो. पॉलिसीचा कागद आधी मागा, तो नसतोच.) माल उतरला तेव्हा रंध्याच्या टेबलाचा कोपरा तडकलेला. बिडाला साधं वेल्डिंग धरत नाही.

आता पोलीस. पहिलं वाक्य, "हा भाड्याचा वाद, सिव्हिल मॅटर." दुसरं, "पैसे कुठून पाठवले? मग तिकडे जा." तिकडे गेलो तर, "गाडी भरली कुठे? मग तिकडेच." जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते, असं म्हटल्यावर साहेब म्हणाले, "तुम्ही वकील काय?" सुतार आहे म्हटलं. माल अडवून पैसे उकळणं हा भाड्याचा वाद असेल तर खंडणी कशाला म्हणायची? वाहतुकीच्या ऑफिसात सांगितलं, गाडी परराज्यातली, आम्ही काय करणार. म्हणजे गोव्याच्या रस्त्यावर गोव्याचा माणूस लुबाडायचा असेल तर बाहेरची पाटी पुरते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण उशिरा. जितका लवकर केला तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त. पोलिसांच्या दारात बसण्याआधी तो फोन करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथेही तक्रार पडून आहे. आणि २००७ च्या रस्त्यावरील मालवाहतुकीच्या कायद्यानुसार (कॅरेज बाय रोड ॲक्ट) मालवाहतूकदाराची नोंदणी लागते. तो नंबर आधी मागा. माझ्या पॅकर्सवाल्याने "व्हॉट्सॲप करतो" म्हटलं होतं.

गाडीचा फोटो माझ्याकडे आहे. पाटीवर चिखल आहे, पण मागच्या फाळक्यावरचा निळा पट्टा स्पष्ट दिसतो. कुणी शेड हलवत असाल तर तो फोटो माझ्याकडून मागून घ्या.