रेफरन्स अँगल: चरणाचे फॉर्म्युले बरे का 180 चा पट बरा?

लातूरला क्लासमध्ये अकरावीचे पोरं दरवर्षी हेच विचारायलेत, सर फॉर्म्युले पाठ करू का डोक्यात काढू. दोन्ही शिकवून झालंय माझं, म्हणून सांगतो. रेफरन्स अँगल म्हणजे कोनाची बाजू आडव्या अक्षाशी जो लहान कोन करते तो, अन् चरण म्हणजे दोन अक्षांनी पाडलेल्या चार भागांपैकी एक.

फॉर्म्युल्यात कोन आधी 0 ते 360 मध्ये आणायचा, मग दुसऱ्या चरणात 180 मधून कोन वजा, तिसऱ्यात कोनातून 180 वजा, चौथ्यात 360 मधून कोन वजा. पाठ असलं की हात आपोआप चालतोय. पण 1020 आला की 360 दोनदा काढा, 300 राहिले, ते परत 360 मधून काढा, तेव्हा कुठं 60.

दुसऱ्या पद्धतीत 180 चा सगळ्यात जवळचा पट बघायचा अन् फरक घ्यायचा, बास. 1020 ला 1080 जवळ, फरक 60. उणे 210 ला उणे 180 जवळ, फरक 30. कोनाची बाजू आडव्या अक्षापासून किती अंशावर आहे एवढंच तर विचारलेलं असतंय. फक्त यात चरण कळत नाही आणि साइनचं अधिक-उणे चिन्ह चरणावरूनच ठरतंय, तेव्हा वहीच्या कोपऱ्यात आकृती काढायचा कंटाळा करू नका.

खरी गडबड तिसरीकडंच आहे. बरेच पोरं 240 हे 270 मधून वजा करतात अन् 30 म्हणून मोकळे होतात. अरे 270 चा नियम वेगळा, त्यात साइनचा कोसाइन होतो, म्हणजे साइन 240 बरोबर उणे कोसाइन 30, उणे रूट 3 बाय 2. रेफरन्स 60 धरला तरी उणे साइन 60, उत्तर तेच. पण 30 घेतला अन् साइन तसाच ठेवला की आलं उणे अर्धा, आणि सीईटीला गणिताचा प्रश्न 2 मार्कांचा असतोय बरं का.

मी तर 180 वालीच घ्या म्हणतो, कोन अंशाऐवजी रेडियनमध्ये असला तरी तीच चालते, 180 च्या जागी पाय (π). 11 पाय बाय 4 ला 3 पाय जवळ, फरक पाय बाय 4. छेद 3, 4 नाहीतर 6 असला आणि अपूर्णांक छाटून झालेला असला तर एवढं पण नको, छेद तोच, वर फक्त 1 पाय ठेवायचा. उगं 3 पाय बाय 5 ला हे लावू नका, तिथं 2 पाय बाय 5 येतंय. चिन्हात सारखे चुकत असाल तर मात्र सध्या फॉर्म्युलेच धरा, त्यात चरण लिहिल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.