बालाट्रो: जोकरांची जोडी जमते कशी, फसते कुठे

रोगलाइट गेममध्ये (हरलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणाऱ्या) वस्तू गोळा करत जायचं आणि आकडा फुगत जाताना बघायचं, हे आता सवयीचं झालंय. मार दहा टक्के जादा, वेग पाच टक्के जादा. अशा वीस वस्तू जमल्या की आपण बलवान झालेले असतो, पण कुठली वस्तू कुणामुळे कामाला आली हे विचारलं तर सांगता येत नाही. बालाट्रोत ते बोट ठेवून सांगता येतं, आणि हा गेम इतका भिनतो तो त्यामुळेच.

लोकलथंक या टोपणनावाने काम करणाऱ्या कॅनडातल्या डेव्हलपरचा हा गेम प्लेस्टॅकने २० फेब्रुवारी २०२४ ला पीसी आणि कन्सोलवर आणला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो मोबाइलवरही आला. ५२ पत्त्यांचा कॅट, हातात ८ पत्ते, त्यातले जास्तीत जास्त ५ टाकायचे. एका फेरीत टाकायला ४ हात आणि नको ते पत्ते बदलायला ३ डिस्कार्ड मिळतात. तीन पत्ती खेळणाऱ्यांना जोडी, सिक्वेन्स, कलर ओळखीचेच आहेत. इथे सिक्वेन्स आणि कलर पाच पत्त्यांचे. खऱ्या पैशाचा जुगार यात कुठेही नाही, गेममधले डॉलर गेममध्येच राहतात.

गुण म्हणजे चिप्स गुणिले मल्ट (गुणक). साधी जोडी १० चिप्स आणि २ मल्टपासून सुरू होते, कलर ३५ आणि ४ पासून. टाकलेल्या पत्त्यांची किंमत चिप्समध्ये पडते. उरलेलं सगळं जोकरांवर, म्हणजे गुण वाढवणाऱ्या खास कार्डांवर. जोकर १५० आहेत आणि ते ठेवायला जागा फक्त ५. जुळणीची सगळी मजा या टंचाईत आहे. सहावा चांगला जोकर समोर आला की कुणाला तरी विकावंच लागतं, आणि कुणाला विकायचं हे ठरवताना प्रत्येकाचं काम नीट समजून घ्यावं लागतं.

नुसत्या बेरजेवर गेम का जिंकता येत नाही ते आकड्यांतच बघा. पहिल्या अँटीत (टप्प्यात) मूळ लक्ष्य ३०० असतं, आठव्यात ५०,०००, आणि तिथल्या बॉसचं, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या अवघड फेरीचं, साधारणपणे दुप्पट म्हणजे १ लाख. चार हातांत १ लाख करायचे तर प्रत्येक हाताला २५,००० हवेत. समजा कलर पाचव्या लेव्हलवर नेलाय: ९५ चिप्स, १२ मल्ट. राजा, राणी, दश्शी, अठ्ठा, सत्ता टाकले की आणखी ४५, एकूण १४० चिप्स. आता जोकरांनी मिळून मल्टमध्ये ४८ ची भर घातली आणि शेवटच्या जोकरने तिप्पट केली, तर १८० मल्ट होतात आणि हाताला २५,२०० मिळतात. चार हातांत काम फत्ते. तेच जोकर उलट्या क्रमाने ठेवले तर आधी १२ चे ३६ होतात, मग ४८ मिळून ८४. हाताला ११,७६०. चार हात टाकूनही निम्मं अंतर कापलं जात नाही. जोकर तेच, पत्ते तेच, चुकली फक्त मांडणी. अधिकवाले डावीकडे आणि गुणिलेवाले उजवीकडे, हा पहिला धडा.

दुसरा धडा गेम नीट शिकवत नाही, आणि ही आमची खरी तक्रार आहे. जोकर तीन वेगवेगळ्या वेळी बोलतात: काही टाकलेला पत्ता मोजताना, काही हातात उरलेले पत्ते बघताना, काही अगदी शेवटी. डावं-उजवं महत्त्वाचं असतं ते एकाच वेळी बोलणाऱ्यांमध्ये. वर्णनात 'मोजला जाताना' एवढाच शब्द असतो. त्याचं वजन नवख्याच्या लक्षात येत नाही, आणि जोकर इकडेतिकडे सरकवूनही आकडा का बदलत नाही याचं कोडं त्याला पडतं.

आता या गेममधली सगळ्यात सुंदर जोडी. फोटोग्राफ: टाकलेल्यांपैकी पहिलं चित्र (राजा, राणी किंवा गुलाम) मोजताना मल्ट दुप्पट. हँगिंग चॅड: मोजला जाणारा पहिला पत्ता आणखी दोनदा मोजायचा. दोन्ही स्वस्त, दोन्ही सर्रास मिळणारे. फोटोग्राफ पहिल्या अँटीत दिसला तर शिल्लक डॉलरवर मिळणाऱ्या व्याजाची पर्वा न करता घ्यावा, कारण तो एकटाही दुप्पट देतोच. एकटा चॅड मात्र दुबळा, राजावर २० चिप्स जादा आणि संपलं. दोघे भेटले की पहिला राजा तीनदा मोजला जातो आणि मल्ट आठपट होतो. नुसत्या राजांच्या जोडीला ६० गुण मिळतात, ते ८०० होतात.

यात स्माइली फेस आणा, म्हणजे मोजलेल्या प्रत्येक चित्राला मल्ट ५ जादा. तो फोटोग्राफच्या डावीकडे ठेवला तर मल्ट २ वरून ७, १४, १९, ३८, ४३, ८६ असा चढतो आणि दुसऱ्या राजामुळे ९१ वर थांबतो. ५० चिप्सनी गुणून ४,५५०. उजवीकडे ठेवला तर मल्ट ५६ वर अडकतो आणि हाती २,८०० येतात. ही चढण पडद्यावर एकेक पायरीने दिसते. पत्ता हलतो, संबंधित जोकर हलतो, आवाजाची पट्टी दर ठोक्याला वर सरकते. आपण लावलेली मांडणी आपल्याला परत वाचून दाखवली जाते.

मग ब्लूप्रिंट येतो. दुर्मिळ, १० डॉलरचा, उजवीकडच्या शेजाऱ्याची नक्कल करणारा. तो चॅडची नक्कल करायला लावला तर राजा पाचदा मोजला जातो, म्हणजे ३२ पट. फोटोग्राफची नक्कल केली तर तीन मोजण्यांत प्रत्येकी दोनदा दुप्पट, म्हणजे ६४ पट. फोटोग्राफच बरा, असं वाटतं. पण सगळ्यात डावीकडच्या जोकरची नक्कल करणारा ब्रेनस्टॉर्मही मिळाला, की उत्तर बदलतं. दोन्ही नकला फोटोग्राफला दिल्या तर ५१२ पट, एक-एक वाटून दिली तर १,०२४ पट. मांडणी अशी: चॅड, स्माइली, ब्लूप्रिंट, फोटोग्राफ, ब्रेनस्टॉर्म. जुळणीचं खरं समाधान इथे आहे. एकाला एक मिळून दोन होत नाहीत, हे तर झालंच. पण प्रत्येक नवा तुकडा आला की जुन्या तुकड्यांची जागा पुन्हा ठरवावी लागते, आणि योग्य जागा कागदावर मांडून काढता येते.

फसतं कुठे? पहिली चूक रोजची. किमतीनुसार लावलेल्या हातात एक्का राजाच्या डावीकडे बसतो, आणि एक्का चित्र नाही. कलरमध्ये एक्का-राजा तसेच टाकले तर चॅड एक्क्याला तीनदा मोजतो आणि फोटोग्राफ राजाला एकदाच गाठतो. आठपटीचे दोनपट होतात. टाकण्याआधी राजा बोटाने ओढून एक्क्याच्या डावीकडे आणायचा, बस.

दुसरं संकट द प्लांट नावाचा बॉस, जो सगळी चित्रं निकामी करतो. सगळ्याच पत्त्यांना चित्र मानणारा पॅरायडोलिया या जोडीला एरवी फार उपयोगी, पण इथे तो अख्खा कॅट निकामी करून बसतो. बॉस कोण आहे हे अँटीच्या सुरुवातीलाच दिसतं, म्हणून दुकानात शिरण्याआधी तिकडे नजर टाकावी. लुचाडोर विकला की बॉसची शक्ती जाते. तो मिळाला तर जपून ठेवावा. आठव्या अँटीत अँबर अॅकॉर्न आला तर तो जोकर पालथे घालून पिसतो. मग पहिला हात कमी महत्त्वाचा टाकायचा, कुठला पालथा जोकर कधी हलतो ते बघायचं, आणि त्यावरून ओळखून पुन्हा रांग लावायची.

बॅरन आणि माइम ही जोडी जास्त गाजलेली आहे. बॅरन हातात उरलेल्या प्रत्येक राजाला दीडपट देतो, माइम ते पुन्हा करायला लावतो. एकच पत्ता टाकून सात राजे हातात धरले तर मल्ट सुमारे २९२ पट. पण कॅटमध्ये राजे चारच. डेथ आणि क्रिप्टिड या कार्डांनी ते वाढवत न्यावे लागतात, आणि तोवर जगायला दुसरं काहीतरी लागतं. द हुक हा बॉस आला की मोजणीआधीच हातातले दोन पत्ते जातात. आमच्या मते ही जोडी शिकण्यासाठी नाही. फोटोग्राफ-चॅड पहिल्याच दिवशी जमू शकते आणि तेवढंच शिकवते.

आणखी एक अडचण. पत्ते निवडल्यावर हाताचा प्रकार आणि त्याचे मूळ आकडे दिसतात, एकूण गुण मात्र दिसत नाहीत. शेवटच्या हाताला थोडक्यात हरलं की हे टोचतं. तरी हा निर्णय बरोबरच वाटतो, कारण उत्तर आधीच मिळालं असतं तर मांडणी कुणी समजून घेतली नसती.

मराठी किंवा हिंदी मजकूर नाही, इंग्रजी वाचता यायला हवं. मोबाइलवर बोटाने पत्ते आणि जोकर ओढणं सोपं जातं. फक्त अरुंद पडद्यावर ओढलेला जोकर शेजाऱ्याच्या पलीकडे जाऊन बसतो आणि ब्लूप्रिंट भलत्याचीच नक्कल करू लागतो. ब्लूप्रिंटवर टॅप करून तो जुळतोय की नाही हे हात टाकण्याआधी वाचून घ्यावं.