म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मागच्या पायांचा हार्नेस, रबरी मॅट आणि सोलापुरी चादर: हिवाळा ते पावसाळा वापरल्यानंतर

लग्नकार्याला, तिरुपतीला किंवा पुण्यात मुलांकडे जाताना सोलापूरचे लोक जनावरं दुसऱ्याकडे सांभाळायला ठेवतात, त्यात बारा-चौदा वर्षांची कुत्रीही असतात. असं कुत्रं पहिले दिवस जवळ येत नाही, खाऊ दाखवला तरी उठत नाही. बहुतेक वेळा त्याचं कारण पायाखाली असतं. शहाबादी किंवा गुळगुळीत टाइलवर त्याचे मागचे पाय फाकतात, आणि नव्या घरात एकदा घसरलं की ते कोपरा धरून बसतं. सांध्यांची दुखणी असलेलं कुत्रं माणसाला ओळखतं ते हात लागल्यावर दुखतं की बरं वाटतं यावरून. म्हणून ओळख वाढवण्यात सर्वांत उपयोगी पडलेल्या या तीन वस्तूंबद्दल सविस्तर.

आधी हार्नेस, म्हणजे कुत्र्याला उठायला आधार देणारा पट्ट्यांचा साज. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात पोटाखालून फक्त मागच्या भागाला झोळी असते, दुसऱ्यात छाती आणि कंबर अशा दोन्हीकडे पट्टे आणि पाठीवर धरायला दोन मुठी. थोड्या दिवसांसाठी झोळी पुरते. महिनोन् महिने वापरायचा असेल तर दोन मुठींचाच घ्यावा, कारण नुसती कंबर उचलली की सगळा भार खांद्यांवर जातो आणि पुढचे पाय आठवडाभरात दुखायला लागतात. माप घेताना टेप पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीभोवती फिरवायची आणि पट्टा बांधल्यावर त्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. नर कुत्र्यासाठी घेताना झोळीला लघवीच्या जागी कापलेली खाच आहे का ते बघूनच पैसे द्या. खाच नसेल तर कापड ओलं राहतं आणि जांघेत पुरळ उठतं.

उभं करायची पद्धत हार्नेसपेक्षा महत्त्वाची आहे. पहिल्या दिवशी हार्नेस बांधायचाच नाही, अंथरुणाशेजारी ठेवून हुंगू द्यायचा. दुसऱ्या दिवशी नुसता अंगावर टाकून काढायचा आणि लगेच जेवण. बांधल्यावर उचलताना आधी मूठ हातात धरून थांबायचं, खांद्यावर बोटांनी दोनदा हलकं थोपटायचं, आणि कुत्र्यानं पुढचे पाय टेकवून स्वतः जोर लावायला सुरुवात केली की मगच कंबरेला आधार द्यायचा. त्याचं सगळं वजन उचलायचं नसतं, उठताना जो झटका बसतो तेवढाच आपण घ्यायचा. रोज तीच खूण, तोच क्रम. काही दिवसांत थोपटलं की कुत्रं आपणहून पुढचे पाय सरळ करतं, नंतर मूठ दिसली की शेपटी हलवतं. विश्वास बसल्याची ही सर्वांत भरवशाची खूण, चाटण्यापेक्षाही. घाईत एकदा जरी न सांगता ओढून उभं केलं तर तेच कुत्रं हार्नेस पाहून गुरगुरतं, आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते.

महिन्यांच्या वापरात काय बिघडतं? वेल्क्रोत केस अडकून पकड जाते. जुना टूथब्रश किंवा बारीक कंगव्यानं आठवड्यातून एकदा साफ केलं तर टिकतं, तरी बकलवालाच चांगला. पट्ट्याच्या कडेची शिवण काखेत घासते, तिथले केस विरळ झाले की सुती कापडाची पट्टी शिवून घ्यावी. रात्री आणि दुपारच्या झोपेत हार्नेस काढलाच पाहिजे. उन्हाळ्यात फोमचं अस्तर घामट वास धरतं. ते सावलीत वाळवावं, कडक उन्हात नायलॉन लवकर कमजोर होतं.

हार्नेस कुठे वापरायचा नाही तेही सांगतो. काल चालणारं कुत्रं आज अचानक मागचे पाय ओढायला लागलं, पाठीला हात लावल्यावर ओरडलं, तर तो मणक्याचा त्रास असू शकतो. अशा वेळी उभं करून बघू नये. सपाट फळीवर किंवा घट्ट ताणलेल्या चादरीवर ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. आणि दुखतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नये, दोन्ही कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

लहान चणीच्या कुत्र्याला विकतचा हार्नेस लागतच नाही. आपला सोलापुरी टर्किश टॉवेल लांबीत तिहेरी घडी घालून मागच्या पायांच्या पुढून, पोटाखालून घेतला आणि दोन्ही टोकं वर धरली की झालं. तो मऊ असतो, घासत नाही आणि रोज धुता येतो.

आता मॅट. फोमचे एकमेकांत अडकणारे तुकडे घेऊ नका. त्यांच्या सांध्यांतून लघवी खाली झिरपते आणि कडा वर आल्या की पाय अडकतो. योगा मॅट हलकी, ती गोळा होते. बारदान टाकलं तर नखं अडकतात. जाड रबराची, खाली खडबडीत असलेली लांब पट्टी सर्वांत चांगली ठरली. पूर्ण घर झाकायची गरज नाही, अंथरूण ते पाणी, पाणी ते दार आणि दार ते अंगण असा सलग रस्ता पुरतो. मध्ये हातभर जरी फरशी उघडी राहिली तरी कुत्रं तिथेच थांबतं. नव्या रबराला उग्र वास असतो, दोन दिवस गच्चीवर टाकून मगच घरात आणावी. उन्हाळ्यात दाराशी ऊन येत असेल तर तेवढा तुकडा सकाळी दहाच्या आत उचलायचा, काळं रबर चटका देतं. मॅट असली तरी नखं कापलेली आणि तळव्यांच्या गाद्यांमधले केस छाटलेले हवेत, नाहीतर निम्मा फायदा वाया.

चादरीबद्दल मात्र मनापासून चांगलंच लिहावं लागेल. सुती, जाड विणीची जुनी सोलापुरी चादर चार घड्या करून फोमच्या गादीवर टाकली की कोपरांना घट्टे पडत नाहीत, गरम होत नाही आणि कुत्र्याला उठताना पंजा रोवायला पकड मिळते. गादी इतकी जाड हवी की मूठ दाबली तरी खालची फरशी लागू नये. नुसती चादर फरशीवर टाकू नका, ती पायाखालून सरकते. खाली रबर हवंच. एका कुत्र्यामागे चार-पाच चादरी ठेवाव्यात, कारण आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि म्हातारं कुत्रं झोपेत ओलं करतं. आधी गार पाण्यात खळबळून मग साबण. एकदम गरम पाण्यात टाकली तर वास बसतो. फिनाइल टाळा, घरात मांजरही ठेवलेलं असेल तर अजिबातच नको.

मालकांकडून एक न धुतलेली चादर किंवा जुना टॉवेल मागून घ्या. तो अंथरुणात डोक्याकडच्या बाजूला ठेवायचा. सोबत हेही विचारा की घरात कुत्र्याशी कोणती भाषा बोलतात. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरांतली कुत्री भरपूर, त्यांना ‘इकडे ये’ कळत नाही, ‘रा’ किंवा ‘बा’ लगेच कळतं. ऐकू कमी येत असेल तर झोपेतलं कुत्रं हात लावून उठवू नये. जवळ जाऊन मॅटशेजारी पाय आपटायचा, हादरा लागून ते डोळे उघडतं, मग नाकासमोर हात धरायचा. वरून डोक्यावर हात नेण्यापेक्षा बाजूनं छातीवर न्यावा, नजर धूसर झालेल्या कुत्र्याला वरून येणारा हात उशिरा दिसतो. कंबरेला हात सर्वांत शेवटी.

खाण्यात घरचंच अन्न चालू ठेवावं. बदल करायचाच असेल तर सातेक दिवसांत थोडं थोडं मिसळत करावा. कडक भाकरी दात पडलेल्या कुत्र्याला कोमट पाण्यात भिजवून द्यावी. शेंगाचटणीचा हात लागलेली भाकरी मात्र नाही, तिच्यात लसूण असतो आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्ताला घातक. सांधेदुखीची गोळी बहुतेक वेळा जेवणासोबतच द्यायची असते, त्यामुळे त्या दिवशी जेवलंच नाही तर गोळी रेटू नये, मालकाला किंवा डॉक्टरांना विचारावं. तरुण कुत्री सोबत असतील तर म्हाताऱ्याचं ताट वेगळ्या खोलीत, दार लावून.

एप्रिल-मे इथे पारा चाळीसच्या वर असतो. फिरणं सूर्य उगवायच्या आत, संध्याकाळी रस्त्यावर आपला उलटा तळहात सात सेकंद ठेवून बघितल्याशिवाय नाही. आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर उत्तम काम करतो, पण त्याचा झोत थेट अंथरुणावर नको. गाढ झोपेत छाती किती वेळा वर येते ते मिनिटभर मोजायची सवय ठेवा. सतत तीसच्या वर असेल तर हृदय किंवा फुप्फुसाची तपासणी हवी. दिवसाला वजनाच्या किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी जात असेल तेही मालकाला कळवा. पाण्याचं भांडं मापून भरलं तरच हे समजतं.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेच्या, दिवसांत शोभेचं दारूकाम असतं. त्या संध्याकाळी आतली खोली, कूलरचा किंवा पंख्याचा आवाज, आणि फिरवणं आधीच उरकलेलं. रात्री उगाच फेऱ्या मारणारं, भिंतीकडे तोंड करून उभं राहणारं कुत्रं वयामुळे गोंधळलेलं असू शकतं. त्याच्यासाठी मॅटच्या रस्त्यावर छोटा दिवा लावा, वस्तूंच्या जागा हलवू नका. हे प्रथमच दिसत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आहेत.

घ्यायचंच झालं तर आधी रबर आणि चादरी, मग हार्नेस. कुत्रं पंधरा किलोच्या आत असेल आणि जिने नसतील तर हार्नेसशिवाय टॉवेलवर भागतं. लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर दोन मुठींचाच घ्या, आणि कुत्रं परत देताना मालकाला थोपटायची खूण दाखवून, एकदा त्यांच्याच हातानं उभं करवून मग पाठवा.