मोडलेलं मनगट: एका हाताला प्लास्टर, दुसऱ्याला प्लेट

मनगट मोडलंय, हाड ओढून बसवलंय, कच्चं प्लास्टर झालंय आणि डॉक्टर म्हणालेत, "प्लास्टरमध्येच ठेवता येईल, प्लेटही टाकता येईल. घरी बोलून कळवा." या वाक्यानंतरची रात्र कशी जाते हे मला दोनदा कळलं आहे. २०१५ च्या पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून घसरलो तेव्हा डावं मनगट गेलं. त्याला प्लास्टर केलं. २०२२ मध्ये स्कूटर स्टँडवर चढवताना तोल गेला आणि उजवं गेलं. त्याला प्लेट टाकली. त्यामुळे तुलनेसाठी मला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जावं लागत नाही, दोन्ही हात समोर ठेवले की झालं. अर्थात दोन्ही वेळची मोड हुबेहूब सारखी नव्हती आणि मधे वयही सात वर्षांनी वाढलं होतं, हे धरून वाचा.

जखम उघडी असेल किंवा सांध्याच्या पृष्ठभागाचे तुकडे झाले असतील तर बहुधा हा प्रश्न तुमच्यापर्यंत येतच नाही. मी बोलतोय ते पडताना तळहात टेकल्यावर होणाऱ्या नेहमीच्या फ्रॅक्चरबद्दल. यात अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाच्या इंचभर वर तुटतं आणि पंजा मागे कलतो. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी, याचं वर्णन करून ठेवलं. आजही त्यांच्याच नावानं ते ओळखलं जातं.

प्लास्टरचा त्रास म्हटलं की लोक खाज, पावसात हाताला बांधायची पिशवी आणि एका हातानं न सुटणारी पायजम्याची नाडी सांगतात. ते सगळं खरं आहे, पण सहा आठवड्यांत संपतं आणि पुढे सांगायला किस्सेही देतं. माझं मन फिरलं ते सोमवारांमुळे.

या मोडीत हाड नुसतं तुटत नाही, मागच्या बाजूला चेपलंही जातं. ओढून सरळ केलं की त्या चेपलेल्या जागी पोकळी उरते. आठवड्याभरात सूज उतरते, प्लास्टर सैल पडतं आणि टोकाचा तुकडा त्या पोकळीकडे कलू पाहतो. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे. पहिल्या सोमवारी डॉक्टर म्हणाले, "छान बसलंय." दुसऱ्या सोमवारी फिल्म जरा जास्त वेळ उजेडावर राहिली. "किंचित कललंय. थांबू या, की प्लेट टाकू या?" म्हणजे पहिल्या दिवशीचा प्रश्न पुन्हा माझ्याच ओटीत! मी थांबलो. तिसऱ्या सोमवारी निकाल लागला: "अजून थोडं गेलंय, पण आता धरायला लागलंय. असू द्या, चालेल."

डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, प्लास्टरची रीतच ती आहे. पण ते तीन आठवडे रात्री बोटं हलवताना आत काही सरकलं का, याचा कानोसा घेत मी पडून असे. ऑपरेशनचा निर्णय एकदा घेऊन मोकळं होता येतं, प्लास्टरचा मात्र दर सोमवारी नव्यानं घ्यावा लागतो. मला त्या हाडापेक्षा याचाच जास्त वैताग आला.

तो हात आज कामाचा आहे. मनगटाला करंगळीच्या बाजूनं उंचवटा आलाय, घड्याळ तिरकं बसतं. तळहात पूर्ण आकाशाकडे वळत नाही. हे एरवी जाणवत नाही, पण लग्नात बुफेच्या रांगेत ताट डाव्या हातावर घेतलं की आमटी जिलबीकडे धावते. प्लेट न टाकलेल्या हाताला प्लेट धरता येत नाही, हा आमच्या घरातला जुना विनोद.

उजव्या हाताच्या वेळी म्हणूनच फार विचार केला नाही. खांद्याजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर केला, मनगटाच्या आतल्या बाजूला चीर घेतली, प्लेट आणि स्क्रू बसवले. दोन आठवड्यांनी टाके निघाले आणि त्याच दिवशी फिजिओनं मनगट हलवायला घेतलं. तिसऱ्या आठवड्यात चहाचा कप उजव्या हातात होता. आज देवळात तीर्थ घेताना एक थेंब सांडत नाही. एक्स-रे याही वेळी काढले, पण ते काढायला जाताना पोटात गोळा येत नव्हता.

फुकट काहीच मिळत नाही. अंगठ्याखालची गादी चार महिने बधिर होती. बिलात प्लेटचा आकडा वेगळा येतो आणि तो डोळ्यांत भरतो. जंतुसंसर्गाची भीती थोडी का होईना, असतेच. खरी जपायची गोष्ट म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या. स्क्रूचं टोक मागून बाहेर डोकावत असेल तर अंगठा उचलणारी दोरी झिजून तुटू शकते. प्लेट फार खाली बसली असेल तर अंगठा वाकवणारी दोरी घासली जाते, तीही कधी कधी कित्येक महिन्यांनी. अंगठा हलवताना कटकट जाणवली तर फिजिओला नव्हे, सर्जनला दाखवा. मात्र अंगठा उचलणारी दोरी प्लास्टरवाल्यांचीही तुटते, अगदी न सरकलेल्या मोडीतसुद्धा. बोटं आखडणं किंवा हात सुजून, चकचकीत होऊन आग आग होणं, हेही दोन्हीकडे होऊ शकतं. प्लास्टरमध्ये असाल तरी बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची.

तारांचा तिसरा मार्गही आहे. बाहेर टोकं ठेवून तारा घालतात आणि काही आठवड्यांनी ओढून काढतात. ब्रिटनमध्ये ४६१ रुग्णांवर तारा आणि प्लेट यांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. वर्षभरानंतर हाताच्या कामात फरक दिसला नाही. २०२२ मध्ये तिथलाच ५०० रुग्णांचा दुसरा अभ्यास आला, प्लास्टर विरुद्ध तारा असा. वर्षअखेर पुन्हा बरोबरी. पण प्लास्टरवाल्यांपैकी साधारण आठांतल्या एकाला पहिल्या सहा आठवड्यांत ऑपरेशन करावं लागलं होतं. अभ्यास वर्षअखेरीचा हात मोजतात. मला तो आठातला एक दिसतो आणि दुसऱ्या सोमवारी डॉक्टरांच्या दारात उभे असलेले उरलेले सातही दिसतात.

आमच्या आत्याला वयाच्या ७८ व्या वर्षी मी प्लेट सुचवली नाही. मनगट वाकडं जुळलं, ते तिच्या गावीही नाही. त्याच हातानं ती भाकरी थापते. त्या वयात प्लास्टरच बरं, असं मलाही वाटतं. हाडं ठिसूळ झाली आहेत का, ही तपासणी मात्र तिला करायला लावली.

तुम्ही पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असाल, मोडलेला हात कामाचा असेल आणि खर्चाची सोय होत असेल, तर मी आपला प्लेटकडे झुकेन. डॉक्टरांना एवढंच विचारा, "प्लास्टर ठेवलं आणि दुसऱ्या आठवड्यात कललं, तर तुम्ही काय कराल?" उत्तर "तेव्हा बघू" असं आलं, तर सोमवार तुमचे आहेत.