यूएसबी एन्क्लोजरने अडवलेला ट्रिम: काही महिन्यांच्या वापरानंतर

लॅपटॉपमधून काढलेली अडीच इंची साटा एसएसडी पडून होती. चांगली वस्तू वाया का घालवायची, म्हणून तिच्यासाठी यूएसबी एन्क्लोजर, म्हणजे ती बाहेरून यूएसबीला जोडायची डबी, घेतलं. बांधणी, केबल, तापणं, कशाबद्दलच तक्रार नाही. सुरुवातीला मी ते ओळखीतल्यांना बिनदिक्कत सुचवत होतो.

मग मोठ्या फाइली टाकताना वेग कोसळायला लागला. पहिले काही सेकंद सुसाट, नंतर जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही मंद. तेही एसएसडी अर्ध्याहून जास्त रिकामी दिसत असताना! एसएसडीची तब्येत सांगणारा स्मार्ट रिपोर्ट ठणठणीत. एन्क्लोजरवाल्यांच्या कस्टमर केअरचं एकच पालुपद: फॉरमॅट करा. केलं, काडीचा फरक नाही. मग म्हणे एसएसडीचं आयुष्य संपलं, नवी घ्या. धडधाकट एसएसडी मोडीत काढायला सांगतात याचा मला मनस्वी संताप आला.

आपण फाइल डिलीट करतो तेव्हा फाइल सिस्टिमच्या नोंदी बदलतात, एसएसडीला त्यातलं काही कळत नाही. एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीत लिहिता येतं एकेक पेज, साधारण 4 ते 16 केबीचं. पुसायचा मात्र अख्खा ब्लॉक, म्हणजे शेकडो पेजेस एकदम. एकदा लिहिलेल्या पेजवर न पुसता पुन्हा लिहिता येत नाही. त्यामुळे ब्लॉक मोकळा करायचा तर त्यातला कामाचा डेटा आधी दुसरीकडे हलवावा लागतो. हेच गार्बेज कलेक्शन. अमुक जागा आता नको आहे, हे ऑपरेटिंग सिस्टिम ट्रिम कमांडने कळवते. ती कमांड पोचलीच नाही, तर एसएसडी महिन्यांपूर्वी डिलीट केलेला डेटाही जपत बसते, इकडून तिकडे हलवत बसते. वेग जातो आणि फुकटची झीजही होते.

विंडोजमध्ये ट्रिम 2009 च्या विंडोज 7 पासून आहे. बऱ्याच लिनक्स डिस्ट्रोंत एफएसट्रिम, म्हणजे रिकाम्या जागेसाठी ट्रिम पाठवणारं टूल, दर आठवड्याला आपोआप चालतं. पण एन्क्लोजरमधली, यूएसबी आणि एसएसडीचं साटा यांना जोडणारी ब्रिज चिप कमांड पुढे सोडतच नसेल तर? मी या एन्क्लोजरवर एफएसट्रिम चालवलं आणि स्क्रीनवर उत्तर आलं: ‘द डिस्कार्ड ऑपरेशन इज नॉट सपोर्टेड’, म्हणजे इथे ट्रिम चालत नाही. फॉरमॅटने काही का झालं नाही, तेही तिथेच उलगडलं. फॉरमॅट करतानाचा ट्रिमही याच चिपमध्ये अडत होता.

एसएसडी काढून डेस्कटॉपच्या साटा पोर्टला थेट जोडली, एफएसट्रिम दिलं आणि थोडा वेळ नुसती चालू ठेवली. परत एन्क्लोजरमध्ये घातली, तर वेग पहिल्यासारखा!

संतापाच्या भरात एकच स्टार देणार होतो. आता तीन देतोय, कारण एकदा भरून ठेवायच्या बॅकअपला हे उत्तम आहे. व्हिडिओ एडिटिंगसारख्या सतत लिहा-पुसायच्या कामाला मात्र घेऊ नका. आणि अशा एन्क्लोजरमधून वापरलेली एसएसडी विकणार असाल तर नुसत्या डिलीटवर अजिबात विसंबू नका. ट्रिम न झालेल्या फाइली रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळू शकतात.

ट्रिम चालतो की नाही, ही एक ओळ खोक्यावर छापायला कंपनीला काय जड जातं? तोवर मी थेट जोडून ट्रिम दिल्यावर पार्टिशन लहान केलंय आणि उरलेली जागा कोरी ठेवलीय, म्हणजे गार्बेज कलेक्शनला कायम हात हलवायला जागा राहते.